चपखल म्हणजे किती सैल?

कवितेतला एखादा शब्द नेमका पडला की आपण म्हणतो, चपखल बसला. समीक्षेत हे विशेषण इतके रुळले आहे की त्यामागचे चित्र आता कोणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. एक खाच आहे, तिच्यात एक वस्तू बसली आहे आणि दोघींच्या मध्ये केसाइतकीही जागा उरलेली नाही, असे ते चित्र. शब्दांपुरते ते ठीक आहे. वस्तूंच्या जगात ते टिकत नाही. स्टीलच्या डब्याचे झाकण चपखल बसते, कारण ते डब्याच्या तोंडापेक्षा किंचित मोठे असते. दाराची फळी चौकटीत चपखल बसते, कारण ती चौकटीपेक्षा थोडी लहान कापलेली असते. सुताराने तेवढी काळजी घेतली नसेल, तर पहिल्याच पावसाळ्यात दार फुगते आणि अडते. चपखल बसणाऱ्या दोन वस्तूंच्या मापांत फरक असतो आणि तो कोणीतरी विचार करून ठेवलेला असतो.

या फरकाला अभियंते क्लिअरन्स म्हणतात. कारखान्यातही हाच शब्द चालतो. गॅरेजमधला मेकॅनिक त्याला प्ले म्हणतो, पण बहुधा तक्रारीच्या सुरात. ‘स्टीअरिंगला प्ले आलाय’ म्हणजे झिजून नको तितकी जागा झाली आहे. मराठीत फट हा शब्द हाताशी आहे, पण फट ही राहून गेलेली असते. मला इथे ‘मोकळीक’ हा शब्द अधिक योग्य वाटतो, कारण मोकळीक ही दिलेली असते. कोणी दिली, किती दिली, कशासाठी दिली, हे प्रश्न त्या शब्दाबरोबर आपोआप येतात. संगणकावर यंत्रभागांचे आराखडे काढताना नेमके हेच प्रश्न विसरले जातात, आणि त्याची किंमत अनेकदा ज्याने आराखडा काढला त्याला न पडता भलत्यालाच पडते.

यंत्र अभियांत्रिकीचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. जुनी हस्तपुस्तके, मानके, एक वर्निअर कॅलिपर आणि घरातले एक लहान त्रिमितीय प्रिंटर एवढ्यावर हा अभ्यास उभा आहे. त्यामुळे ज्या वाचकाने कधी लेथ पाहिलेला नाही, त्यालाही तो पायरीपायरीने सांगता येईल असे वाटते.

पडद्यावरचे वीस, हातातले वीस

संगणकावर आराखडे काढण्याच्या पद्धतीला कॅड म्हणतात. तिचा उगम बहुतेक इतिहासकार आयव्हन सदरलंड यांच्या ‘स्केचपॅड’मध्ये पाहतात. १९६३ साली एमआयटीत पीएचडीसाठी सदरलंड यांनी ते सादर केले. पडद्यावर प्रकाशलेखणीने रेघा काढायच्या आणि मग ‘या दोन समांतर राहू देत’, ‘या दोन सारख्या लांबीच्या राहू देत’ असे संगणकाला सांगायचे. तो ती नाती पाळी. १९८०च्या दशकाच्या अखेरीस ‘प्रो-इंजिनिअर’ या सॉफ्टवेअरने हाच विचार घन आकारांपर्यंत आणि कारखान्यांपर्यंत नेला. मापाला नाव देता येऊ लागले. एका ठिकाणचा आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेला सगळा आराखडा बदलू लागला. ही सोय पुढे आपल्या विषयात फार महत्त्वाची ठरणार आहे.

कॅडमधले वर्तुळ हे भूमितीच्या पुस्तकातले वर्तुळ असते. वीस मिलिमीटर म्हणजे वीस; ना कणभर कमी, ना जास्त. वीस मिलिमीटरच्या भोकात वीस मिलिमीटरचा दांडा ठेवला तर पडद्यावर तो सुरेख बसतो. दोन भाग एकमेकांत घुसले आहेत का, हे तपासण्याची सोय या सॉफ्टवेअरमध्ये असते. पण नुसते टेकलेले पृष्ठभाग हे टक्कर म्हणून सहसा मोजले जात नाहीत. संगणक म्हणतो, सर्व ठीक.

हातातला दांडा असा नसतो. एका टोकाला तो १९.९८ भरतो, दुसऱ्या टोकाला २०.०१. तो पुरता गोल नसतो, पुरता सरळ नसतो आणि गुळगुळीत दिसणाऱ्या त्याच्या अंगावर सूक्ष्म चढउतार असतात. समजा, दोन्ही भाग खरोखरच नेमके वीस मिलिमीटरचे झाले, तरी अडचण संपत नाही. दांडा फिरायचा असेल तर मध्ये तेलाचा थर हवा आणि थराला जाडी असते. बैलगाडीच्या आखाला वंगण घालणाऱ्या शेतकऱ्याला हे कोणी शिकवावे लागले नाही. शिवाय वस्तू तापते, निवते, दमट हवेत फुगते.

म्हणजे मोकळीक तीन कारणांसाठी द्यावी लागते: घडवताना होणारी चूक पोटात घालण्यासाठी, हालचालीसाठी, आणि वस्तूच्या पुढच्या आयुष्यात होणाऱ्या बदलासाठी. तिन्ही कारणांचे हिशेब वेगळे आहेत. आराखड्यात मात्र ती एकाच आकड्यात मिसळून जातात.

कानस आणि फिटर

जेम्स वॉटच्या वाफेच्या इंजिनाची कल्पना अनेक वर्षे एका फटीपाशी अडकली होती. सिलिंडर पुरेसा गोल मिळत नव्हता, त्यामुळे दट्ट्याच्या कडेने वाफ निसटे. ती थोपवण्यासाठी चिंध्या, बूच असे नाना पदार्थ कोंबून झाले. मार्ग निघाला तो जॉन विल्किन्सन यांच्या १७७५च्या यंत्रामुळे. सिलिंडर आतून कोरणारा दांडा त्यांनी दोन्ही टोकांना आधार देऊन आरपार घातला, त्यामुळे कोरताना तो डळमळेना. वॉटचे भागीदार मॅथ्यू बोल्टन यांनी १७७६ साली लिहिले की विल्किन्सन यांनी कोरलेल्या ५० इंच व्यासाच्या सिलिंडरमध्ये जुन्या शिलिंगच्या जाडीइतकीही चूक नाही. शिलिंगची जाडी सुमारे मिलिमीटरभर. आजच्या मोजमापात ही चूक प्रचंड वाटेल. पण वॉटच्या दट्ट्याला तेवढे पुरले. अचूकता ही कामापुरती लागते, हा या प्रसंगातला पहिला धडा.

तरीही त्या काळात प्रत्येक यंत्र एकुलते एक होते. या बंदुकीचा खटका त्या बंदुकीला बसत नसे. फ्रान्समध्ये ऑनोरे ब्लाँ या बंदूककाराने हे बदलायचा प्रयत्न केला. पॅरिसमध्ये अमेरिकेचे वकील असलेले थॉमस जेफरसन यांनी १७८५ साली त्यांची कार्यशाळा पाहिली आणि ढिगातून हाताला येतील ते सुटे भाग उचलून स्वतः खटके जोडून पाहिले. ते जुळले. हे पुढे अमेरिकेत रुजायला काही दशके जावी लागली. एली व्हिटनी यांनी १८०१ साली असेच प्रात्यक्षिक दाखवून नाव मिळवले, पण त्यांच्या बंदुका नंतर तपासल्या तेव्हा सुटे भाग एकमेकांच्या जागी बसत नव्हते.

कारण मधल्या काळात सगळा भार एका माणसावर होता: फिटर. आजही आयटीआयमध्ये फिटर हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, पण त्या नावाकडे आपण नीट पाहत नाही. जो भाग बसत नाही तो बसवतो, म्हणून फिटर. तो कानशीने थोडे घासणार, बसवून पाहणार, पुन्हा घासणार. आयटीआयमधला विद्यार्थी अजूनही लोखंडी पट्टीत चौकोनी नर-मादी जोड कानशीने बसवायला शिकतो, ते या परंपरेचेच शिक्षण. फिटरच्या कामात मोकळीक आकड्यात लिहावी लागत नव्हती. ती त्याच्या मनगटात होती.

दोन अनोळखी कारागीर

सुटे भाग वेगवेगळ्या गावी तयार होऊ लागले आणि मनगटातले ज्ञान कागदावर आणणे भाग पडले. विसाव्या शतकात त्यासाठी जी पद्धत घडत गेली तिचे आंतरराष्ट्रीय रूप म्हणजे आयएसओ २८६ हे मानक. भारतात त्याला जोडून आयएस ९१९ आहे. तिची युक्ती साधी आहे: एक माप न सांगता दोन हद्दी सांगायच्या.

समजा, वीस मिलिमीटरचा दांडा भोकात हलकेच सरकायचा किंवा फिरायचा आहे. आराखड्यावर एच-७ आणि जी-६ अशी खूण येते. पहिली भोकासाठी, दुसरी दांड्यासाठी. एच-७ म्हणजे भोक २०.००० ते २०.०२१ च्या दरम्यान कुठेही चालेल. जी-६ म्हणजे दांडा १९.९८० ते १९.९९३ च्या दरम्यान. आता सर्वांत लहान भोकात सर्वांत जाड दांडा आला तर मोकळीक ७ मायक्रॉन. सर्वांत मोठ्या भोकात सर्वांत बारीक दांडा आला तर ४१ मायक्रॉन. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो. सुतार ज्या सुतात मोजतो ते एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरहून थोडे अधिक. एका सुतात ४१ मायक्रॉनच्या फटी सत्तरहून अधिक मावतील.

भोक भोसरीत पाडले आणि दांडा कोल्हापूरजवळ शिरोलीत तयार झाला तरी दोघांची गाठ पडेल तेव्हा भांडण होणार नाही, याची हमी या चार आकड्यांत आहे. जी-६ ऐवजी पी-६ लिहिले तर दांडा २०.०२२ ते २०.०३५ चा होतो. तो भोकापेक्षा नेहमीच मोठा, म्हणून दाबून बसवावा लागतो आणि बसला की हलत नाही. भोक तेच, नाममात्र माप तेच वीस. नाते मात्र उलटे झाले.

इथे एक बारकावा आहे. मोकळीक दांड्यातूनच का कापली? भोक मोठे करूनही ती देता आली असती. कारण हत्यारांत आहे. भोकाला अखेरचे माप देणारा रीमर ठरावीक मापाचा मिळतो. प्रत्येक नव्या मापाला नवा रीमर विकत घ्यावा लागेल. दांडा मात्र लेथवर किंवा ग्राइंडरवर हवा तितका बारीक करता येतो. म्हणून भोक स्थिर धरले आणि तडजोड दांड्याच्या वाट्याला आली. ही वाटणी त्या काळच्या हत्यारांनी ठरवली आहे आणि हत्यार बदलले की ती पुन्हा तपासावी लागते.

घरातला कारखाना

ते हत्यार आपल्या डोळ्यांदेखत बदलले. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठात ॲड्रियन बोयर यांनी २००५ साली रेपरॅप हा प्रकल्प सुरू केला. स्वतःचे बरेचसे भाग स्वतःच छापू शकेल असे, सर्वांना खुले असलेले प्रिंटर बनवणे हा त्याचा हेतू. वितळलेल्या प्लास्टिकचे थर रचण्याच्या पद्धतीचे स्कॉट क्रम्प यांचे मूळ पेटंट २००९ साली संपले आणि अशी यंत्रे झपाट्याने स्वस्त झाली. जिलबी पाडणाऱ्या हलवायासारखे हे यंत्र काम करते. बारीक तोंडातून, बहुधा ०.४ मिलिमीटरच्या, गरम धार सोडत ते एकावर एक थर चढवते.

पूर्वी आराखडा काढणारा, उत्पादन आखणारा, यंत्र चालवणारा, तपासणारा आणि जोडणारा अशी माणसांची रांग होती. मोकळिकीचे ज्ञान त्या रांगेत वाटलेले होते. एकाच्या नजरेतून सुटले तर दुसरा पकडे. आता शाळेतला मुलगा आराखडा काढतो आणि रात्री यंत्र लावून झोपतो. सकाळी दोन भाग हातात येतात आणि ते एकमेकांत जात नाहीत.

या यंत्रावर भोके नेहमी ठरवल्यापेक्षा लहान निघतात. त्याची कारणे समजून घेण्यासारखी आहेत. प्लास्टिक निवताना आकसते आणि वळणावर धार आतल्या बाजूला ओढली जाते. सर्वांत खालचा थर तळावर दाबला गेल्याने बाहेर पसरतो. त्याला छापणारे लोक हत्तीचा पाय म्हणतात. एक कारण मात्र प्लास्टिकचे नाही, भूमितीचे आहे. छापण्यासाठी आराखडा सहसा त्रिकोणांच्या जाळ्यात रूपांतरित होतो. त्यात वर्तुळ उरत नाही; वर्तुळाच्या आत काढलेला बहुभुज उरतो. ओपन-स्कॅड या मोफत सॉफ्टवेअरमध्ये काही न सांगता ६ मिलिमीटर व्यासाचे भोक काढले तर त्याला दहा बाजू असतात. त्या दशभुजाचे कोपरे वर्तुळावर असतात, पण बाजू आत येतात. समोरासमोरच्या दोन बाजूंमधले अंतर ५.७१ मिलिमीटर भरते. प्रिंटर सुरू होण्याआधीच पाव मिलिमीटरहून अधिक जागा हिशेबाने गिळलेली असते. बाजूंची संख्या वाढवली की ही चूक जवळजवळ नाहीशी होते. तिच्यावर उपाय म्हणून मोकळीक वाढवणे म्हणजे चष्म्याचा नंबर तपासायचा सोडून दिव्याचा उजेड वाढवण्यासारखे आहे.

बाकीच्या कारणांसाठी मोजण्यावाचून इलाज नाही. मी १० मिलिमीटरची एक खुंटी आणि १०.० पासून १०.६ पर्यंत दशांशा-दशांशाने वाढत जाणाऱ्या भोकांची एक पट्टी छापली. पहिल्या दोन भोकांत खुंटी शिरली नाही. १०.२ मध्ये हातोडीने गेली, १०.३ मध्ये अंगठ्याने दाबून बसली, १०.४ मध्ये फिरू लागली, १०.६ मध्ये डुगडुगली. दुसऱ्या प्रकारच्या प्लास्टिकमध्ये हीच पट्टी छापली तर सगळे एका घराने पुढे सरकले. हे आकडे माझ्या यंत्राचे आहेत; शेजारच्या घरातल्या यंत्राचे वेगळे निघतील. पट्टी छापायला तास-दीड तास लागतो. ज्या कामाला पुढे दहा-बारा तास लागणार आहेत त्याच्या आधी तेवढा वेळ काढण्यासारखा आहे.

हे आकडे वापरताना आणखी एक घोटाळा संभवतो. खुंटी आणि भोक यांच्या व्यासांतला फरक ०.४ असेल, तर खुंटीच्या प्रत्येक बाजूला जागा ०.२ ची असते. कॅडमध्ये पृष्ठभाग मागे सरकवण्याची आज्ञा वापरली तर ती त्रिज्येवर चालते, म्हणजे ०.२ सांगायचे, व्यासाचा आकडा बदलायचा तर ०.४ सांगायचे. ‘०.२ची मोकळीक’ असे कोणी लिहिले तर ती एका बाजूची की दोन्ही बाजूंची मिळून, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

मोकळीक कोणाची?

आता मूळ प्रश्नाकडे येतो. भोक स्थिर ठेवायचे आणि दांडा बारीक करायचा हा नियम रीमरने दिला होता. प्रिंटरला रीमर नाही. मग मोकळीक कोणाच्या मापात मिळवायची? बहुतेक जण दोन्हीकडे थोडी थोडी देतात. भोक जरा मोठे, दांडा जरा बारीक. सहा महिन्यांनी आराखडा उघडला की १०.२ आणि ९.८ हे आकडे दिसतात. मूळ माप काय होते आणि मोकळीक किती होती, हे सांगायला कोणी उरत नाही. दुसऱ्याला तर ते कळणे अशक्यच.

याचे उत्तर एका खेळण्यात फार स्वच्छ सापडते. लेगोच्या विटांचे पेटंट डेन्मार्कमध्ये १९५८ साली दाखल झाले. या विटांची रचना ८ मिलिमीटरच्या चौकटीवर आहे. एका बोंडापासून पुढच्या बोंडापर्यंत ८. पण एका बोंडाची वीट ८ मिलिमीटर रुंद नसते, ती ७.८ असते. दोन बोंडांची १५.८, चार बोंडांची ३१.८. वीट कितीही लांब असो, वजा होतात ते ०.२ मिलिमीटरच, प्रत्येक टोकाला ०.१. हीच मोकळीक शेकड्याने दिली असती, म्हणजे प्रत्येक वीट ८ च्या पटीपेक्षा अडीच टक्के लहान केली असती, तर आठ बोंडांची वीट ६३.८ ऐवजी ६२.४ भरली असती आणि भिंतीत मिलिमीटर-दीड मिलिमीटरच्या भेगा दिसल्या असत्या. मोकळीक विटेच्या आकाराची नाही. ती दोन शेजाऱ्यांमधल्या सीमेची आहे, आणि लांब माणसाची सीमा आखूड माणसाच्या सीमेपेक्षा जाड नसते.

हे खेळण्यापुरते राहत नाही, हे दाखवणारे उदाहरण कृत्रिम हातांचे आहे. जोहान्सबर्गचे सुतार रिचर्ड व्हॅन ॲस यांची बोटे २०११ साली करवतीच्या अपघातात गेली. अमेरिकेतल्या इव्हान ओवेन यांच्याबरोबर त्यांनी छापता येईल असा यांत्रिक हात विकसित केला आणि २०१३च्या सुरुवातीला त्याचे आराखडे सर्वांना खुले केले. त्याच वर्षी ई-नेबल या नावाने स्वयंसेवकांचे जाळे उभे राहिले. घरोघरची प्रिंटरे असलेली माणसे मुलांसाठी असे हात छापू लागली. मनगट वाकवले की दोऱ्या ताणल्या जातात आणि बोटे मिटतात. मनगट सोडले की रबराच्या ताणाने उघडतात. मोटर नाही, बॅटरी नाही. सगळी मदार बोटांच्या सांध्यातल्या खुंट्या किती सहज फिरतात यावर.

मुलाचा हात लहान असतो आणि तो वाढतो. म्हणून एकच आराखडा घेऊन तो ७० टक्के, ९० टक्के, १३० टक्के असा लहानमोठा करणे ही साहजिक वाट. समजा, मूळ आराखड्यात सांध्याची खुंटी ५ मिलिमीटर आणि भोक ५.४ आहे. सत्तर टक्के केल्यावर खुंटी ३.५ होते, भोक ३.७८ आणि मोकळीक ०.४ वरून ०.२८ वर येते. हात लहान झाला. प्रिंटरचे तोंड मात्र ०.४ चेच आहे, त्याच्या चुका तेवढ्याच आहेत. सांधा अडकतो. १३० टक्क्यांवर मोकळीक ०.५२ होते आणि बोट लटलटते. हाताचे माप मुलाचे आहे, मोकळिकीचे माप यंत्राचे आहे. टक्केवारीचे एकच बटण दोन्हींना एकदम हलवते. आखडलेली बोटे मिटायला मनगटाचा जोर जास्त लागतो. मूल दोन दिवस कौतुकाने हात लावते आणि मग तो कपाटात जातो.

सदरलंड यांच्यापासून आलेली नाती नोंदवण्याची सोय इथे कामाला येते. आराखड्याच्या आरंभी मोकळीक हे एक स्वतंत्र माप नाव देऊन लिहायचे. खुंटी जशी हवी तशी काढायची आणि भोकाचे माप आकड्यात न लिहिता ‘खुंटी अधिक मोकळीक’ असे नात्याने लिहायचे. फ्रीकॅडसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे आराखड्यातल्याच एका तक्त्यात करता येते, ओपन-स्कॅडमध्ये पहिल्याच ओळीत. मग मुलाच्या तळहाताचे माप बदलले तर हात बदलतो, मोकळीक जागची हलत नाही. यंत्र बदलले तर फक्त मोकळीक बदलायची, बाकी कशाला हात लावायचा नाही.

एकदाच घट्ट

सगळीकडे सारखी मोकळीक दिली की काम झाले असे मात्र नाही. एका पेटीत पाच भाग ओळीने बसवायचे आहेत आणि प्रत्येकाच्या लांबीत दशांश मिलिमीटरची चूक होऊ शकते. पाचही चुका एकाच दिशेने गेल्या तर ०.५ ची अडचण होईल. पण त्या एकमेकींपासून स्वतंत्र असतील तर त्यांच्या वर्गांच्या बेरजेचे मूळ काढले जाते, आणि ते ०.२२ भरते. हा हिशेब पाचांच्या मिळून एका ठिकाणी करायचा आणि मोकळीक ओळीच्या टोकाला एकदाच द्यायची. प्रत्येक जोडावर घाबरून ०.२ देत गेलो तर पेटी खुळखुळ्यासारखी वाजते.

कारखान्यात यावर एक जुनी आणि देखणी तोड आहे. एक पट्टी दोन खुंट्यांवर नेमकी बसवायची असेल, तर दोन्ही खुंट्या भोकांत घट्ट ठेवता येत नाहीत, कारण दोन भोकांमधले अंतर थोडे तरी इकडेतिकडे होणारच. म्हणून एक खुंटी पूर्ण गोल ठेवतात. ती जागा पक्की करते. दुसरीच्या दोन बाजू घासून काढतात आणि तिला डायमंड पिन म्हणतात. ती पट्टीला फिरू देत नाही, पण दोन भोकांच्या अंतरातली चूक सोडून देते. ५ मिलिमीटरच्या बोल्टसाठी मानक भोक ५.५ चे असते, तेही याच विचाराने. बोल्टने आवळायचे काम करायचे. जागा नेमकी ठेवण्याचे काम दुसऱ्या कोणीतरी आधीच केलेले असते. कुठे घट्ट धरायचे हे एकदा ठरले की बाकी ठिकाणी सैल सोडण्याचे धैर्य येते.

आणि मोकळीक दिवसभर एकसारखीही राहत नाही. ॲल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट प्रसरण पावते. बिडाच्या सिलिंडरमध्ये ॲल्युमिनियमचा पिस्टन असेल तर थंड इंजिनातली जागा आणि तापलेल्या इंजिनातली जागा यांत मोठा फरक पडतो. पिस्टनचा माथा सर्वांत जास्त तापतो, म्हणून तो खालच्या भागापेक्षा मुद्दाम बारीक ठेवलेला असतो आणि पिस्टन बारकाईने मोजला तर किंचित लंबगोल भरतो. तापल्यावर त्याला जो आकार यायला हवा त्याच्यासाठी थंडपणी वाकडा आकार दिलेला असतो. नवी स्कूटर घेतल्यावर हजारभर किलोमीटर ती सावकाश चालवायची, ही सूचना माझ्या पिढीला आठवत असेल. कारखान्याने दिलेल्या मोकळिकीवर शेवटचा हात रस्त्यावर फिरत असे. फिटरची कानस अशी मालकाच्या हाती येऊन पोहोचली होती.

आज खुले आराखडे देणारे आणि घेणारे लाखो लोक आहेत. बंद पडलेल्या मिक्सरची कळ, शिलाई यंत्राचे तुटलेले चाक, कपाटाचा बिजागर, मुलाचा हात. जे बाजारात मिळत नाही ते छापून घेता येते. अशा आराखड्यासोबत तीन गोष्टी लिहून द्याव्यात, एवढेच माझे मागणे आहे. मोकळीक किती ठेवली आहे आणि ती एका बाजूची की व्यासावरची. ती कोणत्या पद्धतीच्या यंत्रासाठी आणि कोणत्या प्लास्टिकसाठी मोजली. आणि कोणता जोड फिरायचा आहे, कोणता घट्ट राहायचा आहे. तिसरी ओळ सर्वांत महत्त्वाची, कारण पहिल्या दोन गोष्टी घेणारा स्वतः मोजू शकतो. हेतू मात्र कॅलिपरने मोजता येत नाही. या तीन ओळी लिहायला पाच मिनिटे लागतात, आणि त्या मिळाल्या की लातूरमधल्या किंवा लागोसमधल्या एखाद्या अनोळखी माणसाला आपला आराखडा स्वतःच्या यंत्राच्या मापाने पुन्हा बसवून घेता येतो.